फोंडा म्हणजे नुसता बस बदलायचा नाका?

कुणीतरी म्हटलंय की गोव्यातलं फोंडा म्हणजे बस बदलायचा नाका, देवळं वगळली तर तिथे काही नाही. पण ती देवळं इथेच का, ते कुणी सांगितलं नाही. इथला मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हालसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात तिकडे पोर्तुगीजांच्या राज्यात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोक देव घेऊन जुवारी नदीपलीकडे आले, कारण अंत्रुज, म्हणजे हा फोंड्याचा भाग, पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होतं. 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांना हा महाल मिळाला 1763 मध्ये, तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता.

आमचंच बघा, घर नदीअलीकडे गोव्यातल्या साष्टीत, कुळदेवी शांतादुर्गा इकडे फोंड्यातल्या कवळ्याला. आजी म्हणायची, "देवीचं माहेर आपल्याकडे." जत्रेला पहाटेपर्यंत नाटक बघून पहिल्या बशीने परतायचो. नाक्याचा उपयोग तेवढा खरा!