योगाचं वय नक्की किती? पाच हजार की शंभर?

खडीसाखर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल योगवर्गाची जाहिरात आली. ‘५००० वर्षांची परंपरा, १०८ व्याधींवर उपाय.’ खाली सूर्यनमस्काराचं चित्र. मी एवढंच विचारलं, की चित्रातली ही बारा पावलं कुठल्या प्राचीन ग्रंथात आहेत? उत्तरादाखल तीन नमस्काराचे हात आणि एक ‘अभ्यास वाढवा’ आलं. वाढवला. म्हणून हा धागा.

चटई टाकून तासभर उभी, आडवी, उलटी आसनं ओळीनं करायची, हे आज आपण ज्याला योग म्हणतो ते प्रकरण जेमतेम शंभर वर्षांचं आहे. पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनाच्या वाट्याला तीन आलीत. त्यातलं पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’. हलू नका, सुखानं बसा, संपलं. बाकी सगळा खटाटोप मनासाठी. राहिली ५००० वर्षांचा पुरावा म्हणून दाखवतात ती मोहेंजोदडोची मांडी घातलेली शिंगवाली मुद्रा. पुरातत्त्ववाल्या मार्शलसाहेबांनी तिच्यात शिव पाहिला, नंतरच्या बऱ्याच अभ्यासकांना तो दिसला नाही. मांडी घालून आपण पंगतीलाही बसतो.

सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९२० च्या दशकात. त्याच्या थोडं आधी, १९१८ मध्ये, वर्सोव्याला योगेंद्रजींची योगसंस्था निघाली. १९२४ ला लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम, १९३३ पासून म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा. आजचा योग मुख्यतः अशा ठिकाणी घडला. त्यात हठयोग आहे, तालीम आहे, शाळेतली कवायतही आहे. मला या सगळ्याचा अभिमानच वाटतो, विशेषतः त्यातला निम्मा कारभार आपल्याकडचा म्हणून. फक्त वय चोरू नका. (इथे उलटी चोरी आहे, वाढवून सांगायची.)

नाथाघरची उलटी खूण

‘शंभर वर्षांचं’ वाचून चहा नाकात गेला.

पंधराव्या शतकातली स्वात्मारामांची हठयोगप्रदीपिका उघडा. पंधरा आसनं आहेत. धनुरासन, मत्स्येंद्रासन, पश्चिमतान, मयूरासन, झालंच तर शवासन. दोन्ही कोपरं पोटात रोवून अख्खा देह तळहातांवर तोलायचा, याला तुम्ही ‘सुखानं बसणं’ म्हणणार? पुढे घेरंडसंहितेत आसनं बत्तीस झाली.

आणि एवढं लांब कशाला जाता? ज्ञानेश्वरी १२९० सालची. सहावा अध्याय काढा. टाच कुठे दाबायची, मूळबंध (बैठकीखालचे स्नायू आवळणं) कसा बसतो, हनुवटी गळ्याखालच्या खळगीत कशी रुतते, हे माउली एखाद्या वस्तादानं समोर बसवून सांगावं तसं सांगतात. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी कुंडलिनी, ही उपमा ऐकीव माहितीवर सुचत नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही परंपरा त्यांनी स्वतः सांगितली आहे. तुम्ही आसनांची ओळ मोजताय, मी अभ्यास मोजतोय.

पोहेवाला

धाग्यात ‘योगा’ म्हणणाऱ्यांना आधी बाहेर काढा. आपण रामा, कृष्णा म्हणतो का?

चिमणी

@पोहेवाला, हाक मारताना म्हणतो की.

खडीसाखर

@नाथाघरची, धनुरासन-मयूरासनाचा मुद्दा मान्य. ‘आसनं शंभर वर्षांची’ असा माझा सूर लागला असेल तर तो चुकला. पण सूर्यनमस्कार त्या पंधरात नाहीत, हे तुम्हीही मान्य कराल. गंमत पुढे आहे. प्रदीपिकेत साधकाला ‘कायक्लेश’, म्हणजे देहाला शिणवणं, टाळायला सांगितलंय. त्यावर ब्रह्मानंदांची ज्योत्स्ना ही टीका आहे. कायक्लेशाचं उदाहरण म्हणून ती काय देते? पुष्कळ सूर्यनमस्कार घालणं आणि जड ओझी उचलणं! म्हणजे नमस्कार टीकाकाराला ठाऊक होते, पण हठयोग्यांच्या लेखी ती अंगमेहनत होती. १०८ नमस्कारांचा संकल्प सोडणाऱ्यांनी हे पान वाचावं.

नाथाघरची उलटी खूण

ज्योत्स्नेचा दाखला बिनतोड. पण मग नमस्कार वगळा आणि बोला. तुमचा जाहिरातीवरचा राग तुम्ही परंपरेवर काढताय.

बिनटाक्याचा

मी व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. वयाचं भांडण तुम्ही मिटवा, मला त्या १०८ व्याधींशी भांडायचंय.

जुनाट कंबरदुखीवर योगाचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासतात तो) १२ चाचण्या आणि १०८० माणसं होती. काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांची हालचाल थोडी ते मध्यम सुधारली. कंबरेच्या इतर व्यायामांशी तुलना केली तर फारसा फरक दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं जुनाट कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी जे उपाय करून बघायला सांगितले, त्यांत योग होता, पण इतरही व्यायाम होते.

हृदयाचं पाहा. आपल्याच देशात २४ रुग्णालयांत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ३९५९ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. योगाच्या गटाला बरं जास्त वाटलं, ते पूर्वीच्या कामांना जास्त चांगले लागले. पण मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात यांच्या धोक्यात ठोस म्हणता येईल असा फरक पडला नाही. ‘योगानं ब्लॉकेज निघतात’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि शीर्षासन. त्यात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट होतो. काचबिंदू असलेल्या माणसाला सरसकट वर्गात उलटं करणं हा गुन्हाच समजा.

मान धरलेली

बिनटाक्याचा यांना शंभरदा अनुमोदन. माझ्या वर्गातल्या शिक्षिकेनं तिसऱ्या आठवड्यात ‘भीती मनात असते’ म्हणत मला भिंतीला टेकवून उलटं केलं. भीती मनात होती, मणका मानेत होता. दीड महिना शेजारच्याकडे बघायचं तर अख्खी वळायचे. आधी कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुम्हाला काही त्रास आहे का? चार महिन्यांचा कोर्स करून माणसं शिक्षक होतात, तिथे दुसरं काय होणार. माझ्यापुरता योग संपला. आता रोज पाऊण तास चालते.

लोड आणि तक्क्या

मान धरलेली, वाईट वाटलं. पण तुमची तक्रार शिकवण्याची आहे, योगाची नाही. तुमच्या अगदी उलट माझं झालं.

वय ६१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जातो, सहावं वर्ष. पहिल्या दिवशी मला वाटलं फर्निचरच्या गोदामात आलो. लोखंडी खुर्च्या, लाकडी विटा, भिंतीला दोर, पट्टे, घोंगड्यांची चळत. त्रिकोणासनात माझा हात नडगीच्या खाली जाईना. बाईंनी काही न बोलता पावलाशेजारी वीट उभी केली आणि म्हणाल्या, “जमीन वर आणली. आता छाती उघडा.” मग मागून येऊन दोन बोटांनी माझी बरगडी वळवली. एवढंच. ती बोटं मला अजून आठवतात, कारण तोवर मी छाती उघडतोय म्हणून नुसतं पोट पुढे काढत होतो. गुडघे बरे झाले नाहीत. जिना मात्र कठडा न धरता उतरतो.

बिनटाक्याचा म्हणतात इतर व्यायामानंही तेवढंच होतं. कबूल, पण इतर व्यायाम मी तीनदा सुरू करून तीनदा सोडला. हा टिकला. ते कुठल्या चाचणीत धरायचं?

बिनटाक्याचा

धरतात की. टिकतो तो व्यायाम चांगला, हे मीच पेशंटना सांगतो. माझा आक्षेप ‘योगच’ मधल्या ‘च’ला आहे.

परदेशी पाहुणी

लोकप्रियतेबद्दल कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर आपल्या मध्यमवर्गाला योग परत मिळाला तो तिकडचा शिक्का लागल्यावर. अय्यंगार १९३७ पासून पुण्यात शिकवत होते. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक मेन्युहिन भेटले, तिकडची दारं उघडली, १९६६ मध्ये त्यांचं योगावरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि मग आपण ‘आमचे अय्यंगार’ म्हणायला मोकळे. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी १७७ देशांच्या सहप्रस्तावानं २१ जून हा योगदिन ठरवला, पुढच्या वर्षी राजपथावर ३५,९८५ माणसांचा विक्रम. २२ जूनला त्यातल्या किती चटया उलगडल्या हे मोजायला गिनेसवाले थांबले नाहीत.

चिंचोके

परदेशी शिक्क्याचं सगळ्यांना लागू नाही हो. माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. पहाटे अंगणात सतरंजी, शेजारी वाटीत चिंचोके. एक नमस्कार झाला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. ‘मित्राय नमः’ ऐकून आम्ही पांघरूण डोक्यावर ओढायचो. त्यांनी आयुष्यात त्याला योग म्हटलं नाही. ‘नमस्कार घालून येतो’ म्हणायचे, जसं ‘आंघोळ करून येतो’.

बाकी कुवलयानंदांबद्दल धागाकर्त्यानं फार आवरतं घेतलं. त्या माणसानं १९२४ मध्येच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं, नौली-उड्डियानाच्या (पोट आत ओढून घुसळण्याच्या क्रियांच्या) वेळी पोटात काय होतं ते क्ष-किरणांखाली पाहिलं, आतड्यातला दाब किती उतरतो ते मोजलं. श्रद्धा होती आणि तरीही मोजलं. इथे दोन्ही बाजू त्यातलं अर्धं अर्धंच घेऊन भांडतायत.

नाथाघरची उलटी खूण

चिंचोके, प्रतिसाद आवडला. तरी माझी बाजू सोडत नाही. दाब मोजता येतो, समाधी नाही.

खडीसाखर

ताजी खबर. जाहिरातीतलं ‘५००० वर्षांची’ खोडून ‘प्राचीन’ केलंय. १०८ व्याधी तशाच आहेत. आणि माझं नाव न विचारता सकाळी सहाच्या तुकडीत घातलंय.