कारवार: काळी नदीच्या खाडीला भिंत दाखवू की कांदळवनाला जागा सोडू?

प्रश्न (विद्यार्थिनी, बेळगाव)
नगररचनेच्या प्रकल्पाला कारवार घेतलंय. 2100 पर्यंत पाणी किती चढेल म्हणून धरायचं? आणि खाडीकाठी दगडी भिंत दाखवली तर तिवरांचं, म्हणजे कांदळवनातल्या झाडांचं, काय होईल?

सर्व्हेवाला, खानापूर
ताई, आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) 2021 च्या अहवालात उत्सर्जन अगदी कमी धरून 0.28 ते 0.55 मीटर आहे, फार जास्त धरून 0.63 ते 1.01. पंपघर, दवाखाना, पूल यांना वरचाच आकडा धरा. खरा घोळ पातळीत होतो बघा. भरतीच्या कोष्टकातली उंची चार्ट डेटमपासून (ओहोटीच्या जवळपास तळाच्या पातळीपासून) असते, आपला आरएल, म्हणजे सर्व्हेतली जमिनीची उंची, सरासरी समुद्रपातळीपासून. तो फरक वजा केला नाही तर मीटरभर चुकतं, म्हणजे शतकाची सगळी वाढ त्या चुकीत बुडते. उधाणाची भरती आणि काळीवरच्या कद्रा धरणाचा विसर्ग एकाच वेळी आला तर काय, तेही तपासाच.

खाडीकाठ, सदाशिवगड
भिंत काठावर नको. तिवर, कांदळ जगतात ते सरासरी पातळी ते उधाणाची भरती एवढ्याच पट्ट्यात. पाणी चढलं की नवी रोपं मागे रुजतात. मागे भिंत असली तर पुढून बुडतात आणि मागे जागा नाही. 2019 च्या सीआरझेडमध्ये (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांत) 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला 50 मीटरचा बफर, म्हणजे भोवती राखायचा पट्टा, आहे. पण जमिनीचा उतार शंभरास एक असेल तर 0.6 मीटर चढाला पट्टा 60 मीटर मागे जातो. म्हणून उतार मोजून जागा सोडा, बांध घालायचाच तर त्या सोडलेल्या जागेच्या मागे.

आणि उघड्या चिखलाटावर रोपं खोचायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तिथं ती बुडून मरतात, शिवाय पाणपक्ष्यांची चरायची जागा जाते. पडीक खाजणाचा (बांध घालून खाडीतून काढलेल्या शेतजमिनीचा) बांध मालकाला विचारून फोडला की भरतीच बिया आत आणते.

विद्यार्थिनी
मग उधाणात गटारातून उलटं पाणी शहरात येतं, त्याचं?

सर्व्हेवाला, खानापूर
तोंडाला एकमार्गी झडप. प्लास्टिक अडकलं की ती अर्धी उघडी राहते, म्हणून अलीकडे जाळी लावायची आणि प्रत्येक उधाणाआधी साफ करायची. झडप मिटलेली असताना पाऊस आला तर पाणी साठवायला जागा लागते: 10 हेक्टर वस्ती, तासाला 50 मिमी, दोन तास, त्यातलं 70 टक्के वाहून येणार, म्हणजे 7000 घनमीटर. तेवढं तळं सखल भागात आत्ताच राखून ठेवा, प्लॉट पडल्यावर मिळत नाही.

खाडीकाठ, सदाशिवगड
वाळूच्या किनाऱ्यावरही भिंत नकोच. लाट आपटून पुढची वाळू ओढून नेते, मग ऑलिव्ह रिडले कासवांना अंडी घालायला कोरडी वाळू उरत नाही.