आईची पाककृतींची वही: लॅमिनेशन करू का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): पानं तेलकट, सुटी झालीत. मापं सगळी वाटीत. काय करावं?

उत्तर १: ताई, लॅमिनेशन नको, एकदा केलं की निघत नाही. पानांमध्ये बटर पेपर घाला. फोटो खिडकीपाशी काढा, फ्लॅश बंद. तेलाच्या डागावर तो चमकतो नि नेमकं मापच दिसत नाही.

उत्तर २: त्याच वाटीत काठोकाठ पाणी भरून तोला. नुसतं पाणी 150 ग्रॅम भरलं तर वाटी 150 मिलीची. रवा, साखर मात्र वेगळी तोला. आणि कुंद्याला (दूध आटवून करतात ती आपली मिठाई) मिनिटं लिहू नका, "2 लिटर दूध आटवून 1 लिटर" लिहा. शेगडी बदलली की मिनिटं फसतात.

उत्तर ३: मोबाइलमध्ये फाइलला मराठी-कानडी दोन्ही नावं द्या: "शेंगापोळी शेंगा होळिगे". आपल्याकडे घरातलेच दोघं दोन नावांनी शोधतात! पाककृती नव्या कार्डांवर उतरवाल तर बॉलपेननं. जेलची शाई ओल्या हातानं फिसकटते.