मदत हवी आहे : भावाचं विमान ॲपवर दिसून नाही राहिलं, अर्जंट

दारव्ह्याचा_लहाना, रात्री १:५०
राजेहो कोणी जागी असाल तर सांगा लवकर. माह्या भावाचं विमान ॲपवर दिसत होतं, पावणेएकपासून दिसून नाही राहिलं. बरोबर चाललं होतं, लिबरल नावाच्या गावाच्या थोडं पुढं गेलं आन् तिथंच गायब. ॲप बंद करून चालू केलं, फोन रीस्टार्ट केला, गच्चीवर जाऊन पाह्यलं कारण खाली रेंज राहत नाही, काहीच नाही. त्याचा फोन लागत नाही. आई जागीच आहे, दर दहा मिनिटाले विचारते कुठं पोचला म्हणून. हरभऱ्याले पाणी द्याचं आहे, लाईट या हप्त्यात रात्रीचीच, मोटर चालू करून वापस आलो. ॲप खराब आहे का काही झालं, हे कसं समजन?

नागपुरी_संत्रा, १:५४
कोणती एअरलाईन? फ्लाइट नंबर टाका, त्यांच्या साईटवर स्टेटस दिसतं. धुक्यामुळे डिले असेल, आमची पण गेल्या हप्त्यात दिल्लीला तीन तास लेट होती.

दारव्ह्याचा_लहाना, १:५६
एअरलाईन नाही हो. त्याचं स्वतःचं आहे, घरी बनवलेलं, दोन सीटचं. तोच चालवून राहिला, एकटा आहे.

मिनिआपोलिसचे_काका, १:५९
लिबरल म्हणजे कॅन्ससमधलं का? अमेरिका हा शब्द तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. कुठून निघाला, कुठे चाललाय, कोणतं विमान, शेवटचं पेट्रोल कुठे भरलं, फ्लाइट प्लॅन (कुठून कुठे, किती वाजता पोचणार हे आधी कळवणं) फाईल केला होता का, सगळं एकदम लिहा. वेळा इथल्या की भारताच्या तेही लिहा.

दारव्ह्याचा_लहाना, २:०४
हो अमेरिकाच. मिनेसोटात होता, आता नोकरी ॲरिझोनात लागली, वहिनी आन् पोरगी पह्यलेच गेल्या, सामान ट्रकनं गेलं आन् हा आपलं विमान घेऊन निघाला. आरव्ही ९ए आहे, किट आणून गॅरेजमधे बनवलं, रिव्हेट रिव्हेट करून, आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहत होतो. संध्याकाळी साडेसातले उडाला, तिकडं सकाळचे आठ, उणे बावीस होतं म्हणे, इंजिनाले रात्रभर हीटर लावून वरून जाड गोधडी टाकली होती. मग कॅन्ससमधल्या सलाईना गावाले उतरला, टाकी फुल केली, आईसंग बोलला, सव्वाअकराले परत उडाला. पुढं टुकुमकारी, न्यू मेक्सिको. फ्लाइट प्लॅनचं मले माहीत नाही. वेळा आपल्या.

ॲन्टेना_अकोला, २:०८
ठिपका गायब म्हणजे विमान गायब नाही, हे आधी आईला सांगा. हे ॲप रडारवर चालत नाही. विमान आपली जागा रेडिओवर सांगत असतं, ते खाली लोकांनी घरावर लावलेल्या ॲन्टेनात पकडलं जातं आणि तिथून ॲपवर येतं. माझ्या छतावर असाच एक आहे, रास्पबेरी पाय म्हणजे छोटा कॉम्प्युटर आणि यूएसबी डोंगल. ३५ हजार फुटांवरचं जेट मला अडीचशे किलोमीटरवरून दिसतं, पण हजार-दीड हजार फुटांवरचं छोटं विमान तीस-चाळीस किलोमीटर गेलं की संपलं, कारण लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. लिबरलच्या पुढे ओक्लाहोमाची पट्टी, मग टेक्सासचं टोक, माणसंच कमी तर छतावरचे ॲन्टेना कुठून असणार.
दुसरं म्हणजे अमेरिकेत छोट्या विमानांना १०९० ऐवजी ९७८ मेगाहर्ट्झ चालतं आणि ते पकडणारे त्याहून कमी. विमानाच्या शेपटीवरचा नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे उघड्यावर टाकू नका.

निवृत्त_इन्स्ट्रक्टर, २:१३
ॲप बाजूला ठेवा, इंधन मोजा. आरव्ही ९एच्या टाक्या ३६ गॅलनच्या, खर्च तासाला ८ गॅलनच्या आसपास. सव्वाअकराला फुल टाकीने उडाला तर पावणेचारपर्यंत हवेत राहू शकतो. आत्ता सव्वादोन झालेत. त्यामुळे आत्ता घाबरण्याचं कारण नाही.
पण एक विचारतो, हिवाळ्यात एवढा पल्ला एकट्याने का? या विमानाला पंखावरचं बर्फ काढायची सोय नसते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरलं तर इंजिन हळूहळू दम सोडतं आणि नव्या माणसाला ते उशिरा कळतं. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडायची कळ, वेळेवर ओढली पाहिजे. मी विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशी शिकवायचो.

मिनिआपोलिसचे_काका, २:१७
सर, आदर ठेवून सांगतो, आत्ता त्या पोराला हे सांगून उपयोग काय? कार्ब आयसिंग दमट हवेत, साधारण उणे ७ ते २१ डिग्रीच्या मधे जास्त धरतं. मी आत्ताच वाटेतल्या डालहार्टचं (टेक्सास) हवामान बघितलं, आकाश मोकळं, हवा कोरडी. तिथे त्रास आहे तो समोरच्या वाऱ्याचा, नैर्ऋत्येकडून २२ नॉट, झोत ३१ पर्यंत. वरती आणखी जोर असणार म्हणून तो खालून चालला असेल, आणि खालून गेला की ॲपवरून जाणारच. उशीरही त्यामुळेच. हिवाळ्यात इथे पश्चिमेला जाणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं.

निवृत्त_इन्स्ट्रक्टर, २:१९
हवामान विमानतळावरचं बघितलंत, वाटेतलं नाही. टेक्सासच्या बाजूने ओलावा वर सरकतो. मी घाबरवत नाहीये, कारण सांगतोय.

बेलोऱ्याजवळचा, २:२०
अवांतर : अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं होतं, २०१६ ला मेक इन इंडियात ठेवलं होतं, नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. भारतात परवानगीसाठीच किती वर्षं जातात बघा. आपल्या अमरावतीचं बेलोरा विमानतळसुद्धा २०२५ च्या एप्रिलमधे चालू झालं एकदाचं. भाऊला सांगा इकडे ये, विदर्भात जागा भरपूर आहे.

वैदर्भी_सिस्टर, २:२२
दादा, आईंना खोटं सांगू नका. "ॲपवर दिसत नाही, पण पेट्रोल पावणेचारपर्यंत पुरतं, तोवर वाट पाहू" एवढं सरळ सांगा, त्यांना वेळ मिळाली की थोडं बरं वाटतं. मी ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला आहे, रोज नातेवाईकांसोबत हेच करते.
आणि त्याच्या विमानात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? हीटरची गरम हवा सायलेन्सरवरून येते असं वाचलंय, पाइपाला तडा गेला तर तो धूर आत येतो आणि माणसाला झोप आल्यासारखं होतं. थंडीत हीटर बंद करत नाही कोणी.

मिनिआपोलिसचे_काका, २:२६
सिस्टर बरोबर बोलतायत, पण तो प्रश्न पोचल्यावर विचारायचा. आता कामाचं. दारव्हेकर, तीन गोष्टी करा. एक, वहिनींना फोन. फ्लाइट प्लॅन फाईल असेल तर पोचायच्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद झाला नाही तर फ्लाइट सर्व्हिसवाले स्वतःच शोध चालू करतात, आणि प्लॅन आहे की नाही हे वहिनींना माहीत असेल. दोन, विमानात ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (विमान आदळलं की आपोआप संकट-संदेश पाठवणारं यंत्र) असेल आणि तो वाजला तर नोंदवलेल्या नंबरवर आधी फोन जातो, म्हणजे बहुतेक वहिनींनाच. त्यांना फोन आलेला नसेल तर ती चांगली खूण आहे. तीन, त्याच्याकडे सॅटेलाइटचा ट्रॅकर आहे का? हातात मावेल एवढा, वर जाड ॲन्टेना.

दारव्ह्याचा_लहाना, २:३१
वहिनीची ड्युटी चालू आहे, फोन उचलत नाही, मेसेज टाकला. ट्रॅकर म्हणजे नारिंगी काळा डबा का? उडायच्या आधीच्या फोटोत काचेपाशी दिसते तसा. तो तर ट्रेकिंगचा आहे, पहाडात जाते तवा नेते तो.

ॲन्टेना_अकोला, २:३३
अरे तोच! इनरीच असणार. तो इरिडियमच्या उपग्रहांवर चालतो, त्याला मोबाईलची रेंज लागत नाही की खालचे ॲन्टेना लागत नाहीत. ठरलेल्या मिनिटांनी एकेक ठिपका पाठवतो आणि त्याच्या नकाशाची लिंक असते. वहिनींकडून ती लिंक मागवा. ॲपपेक्षा शंभरपट भरवशाची. तरी ९७८ चं मी बघतोच आहे.

नागपुरी_संत्रा, २:३६
एवढा रिकामा प्रदेश आहे तर प्रत्येक विमानाला जागा सांगणारं यंत्र कंपल्सरी का नाही करत?

निवृत्त_इन्स्ट्रक्टर, २:४०
२०२० पासून तिथे मोठ्या विमानतळांभोवती आणि १० हजार फुटांच्या वर जागा सांगणारं यंत्र सक्तीचं आहे. खाली रिकाम्या प्रदेशात नाही. घरी बनवलेली विमानं एक्सपेरिमेंटल वर्गात येतात, अर्ध्याहून जास्त काम स्वतः केलेलं असावं लागतं, मग सुरुवातीचे काही तास ठरलेल्या टापूतच उडवून बघावी लागतात. बनवणारे लोक काळजी घेणारे असतात, हेही मी पाहिलंय.

दारव्ह्याचा_लहाना, ३:०३
लिंक आली!! वहिनीनं ब्रेकमधे पाठवली. लिबरलच्या पुढं सगळे ठिपके आहेत, डालहार्टवरून गेला, शेवटचे तीन ठिपके टुकुमकारीले एकाच जागी. उतरला राजेहो. आईले दाखवलं, तिनं बोटानं तीन ठिपके मोजले आन् देवघरात गेली. त्याचा फोन काऊन लागून नाही राहिला मग?

मिनिआपोलिसचे_काका, ३:०६
छान! तिथे पेट्रोल कार्ड घासून स्वतःच भरायचं असतं, विमान बांधायचं, झाकायचं, थंडीत फोनची बॅटरीही उतरते. अर्धा तास द्या.

दारव्ह्याचा_लहाना, ३:२२
आला फोन. चार्जिंग संपली होती. वारा लय होता म्हणे, अंदाजापेक्षा उशीर झाला, आज तिथंच थांबणार. सिस्टर, अलार्म आहे, त्यानं दाखवला. सर, तुमचं कार्ब हीटचं सांगितलं, तो म्हणे सलाईना सोडल्यावर मधे मधे ओढून पाहत होतो. सर्वांचे लय आभार. आता उद्याचं सांगा, पुढं पहाड आहेत ना?

मिनिआपोलिसचे_काका, ३:२७
आहेत, अल्बुकर्कीच्या अलीकडे सँडियाचे डोंगर. दुपारी वारा वाढला की त्यांच्या आडोशाला विमान फार आदळतं, म्हणून सकाळीच निघायला सांगा. इंटरस्टेट ४० धरून खिंडीतून जायचं, खाली रस्ता असला की उतरायची वेळ आली तरी माणसं जवळ असतात. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ. दीड-दोन तासांत अल्बुकर्की ओलांडेल.

निवृत्त_इन्स्ट्रक्टर, ३:३१
सहमत. आणि फ्लाइट प्लॅन फाईल कर म्हणावं, उतरल्यावर बंद करायलाही विसरू नको.

ॲन्टेना_अकोला, ३:३८
व्यनि बघितला. विमान ९७८ वरच आहे, म्हणून तुमच्या ॲपवर तुटत होतं. ९७८ पकडणाऱ्या दुसऱ्या साईटवर डालहार्टच्या अलीकडचे आणखी चार ठिपके सापडले, लिंक व्यनित टाकलीय. उद्या ती आणि इनरीचची लिंक, दोन्ही उघडून ठेवा.