रोझ बोल: ऑरेगॉन अपराजित असलं तरी १ जानेवारीला ओहायो स्टेटच जिंकणार

ओलेंटॅन्जी (धागाकर्ती) | २८ डिसेंबर २०२४

येत्या बुधवारी पॅसाडिनाला रोझ बोलमध्ये ऑरेगॉन आणि ओहायो स्टेट समोरासमोर येतील. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या बारा संघांच्या नव्या प्लेऑफमधला (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीतला) हा उपांत्यपूर्व सामना. ऑरेगॉन १३-० (तेरा विजय, एकही हार नाही), बिग टेन या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) विजेता, पहिलं सीड (मानांकन). आपण, म्हणजे ओहायो स्टेट, ११-२, आठवं सीड. ऑक्टोबरमध्ये युजीनला, त्यांच्या घरच्या मैदानावर, त्यांनी आपल्याला ३२-३१ असं हरवलंय. हे सगळं मान्य करूनही माझं ठाम मत आहे की हा सामना आपण जिंकू, आणि तोही दहाएक गुणांनी.

अट एकच: चेंडू हवेतून खेळवायचा.

३० नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध घरच्या मैदानावर १३-१० ने हरलो ते आठवा. मिशिगनच्या बचावाची सगळी ताकद मधोमध होती, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. आणि आपण नेमके त्यांच्याच अंगावर धावत राहिलो. बाहेर जेरेमाया स्मिथ, एमेका एगबुका, कार्नेल टेट असे तिघे रिसीव्हर (पास झेलणारे) उभे होते आणि चेंडू जात होता तो गर्दीत. आपल्या क्वार्टरबॅकचे (पास टाकणाऱ्याचे), विल हॉवर्डचे, दोन इंटरसेप्शन झाले (पास प्रतिस्पर्ध्याने पकडले), दोन फील्ड गोल चुकले हे खरं. पण हरलो ते ‘आम्हीही दांडगे आहोत’ हे मिशिगनला दाखवण्याच्या हट्टापायी.

तीन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, त्याच मैदानावर टेनेसी आली. पहिल्या क्वार्टरअखेर २१-०, शेवटी ४२-१७. हॉवर्डचे २९ पैकी २४ पास पूर्ण, ३११ यार्ड. स्मिथचे दोन टचडाउन. खेळाडू तेच, ऑफेन्सिव्ह लाइनही (क्वार्टरबॅकला सांभाळणारी फळी) तीच ठिगळं लावलेली. फरक पडला तो फक्त आखणीत. पहिल्याच चेंडूपासून आडवं-तिडवं मैदान वापरलं, पास खोलवर टाकले, आणि मग ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्सला धावायला आपोआप मोकळी वाट मिळाली.

दुसरी गोष्ट बचावाची. युजीनच्या पराभवानंतर बचावाचे कोच जिम नोल्स यांनी डावपेच बदलले. तिथून पुढच्या सात सामन्यांत एकाही संघाला आपल्याविरुद्ध १७ च्या वर गुण करता आलेले नाहीत. नेब्रास्का १७, पेन स्टेट १३, पर्ड्यू ०, नॉर्थवेस्टर्न ७, इंडियाना १५, मिशिगन १३, टेनेसी १७. या यादीतले तीन संघ प्लेऑफमधले आहेत. आणि ज्या पेन स्टेटला आपण १३ वर रोखलं, तिनेच बिग टेनच्या अंतिम सामन्यात ऑरेगॉनविरुद्ध ३७ गुण आणि पाचशेच्या वर यार्ड काढले. तिचे सिंगलटन आणि ॲलन, दोघेही शंभर यार्डांच्या पुढे धावले.

ऑरेगॉन चांगला संघ आहे. पण ऑक्टोबरचा ओहायो स्टेट आणि आताचा ओहायो स्टेट यांत फार अंतर आहे. बोला.

---

हिल्सबरोकर

साफ असहमत.

पेन स्टेटचे यार्ड मोजलेत, पण त्या रात्री ऑरेगॉनने ४५ गुण केले ते का नाही मोजले? आमच्या टेझ जॉन्सनला कोणी धरू शकलं नाही. आमच्या क्वार्टरबॅकचं, डिलन गॅब्रिएलचं, हे कॉलेजचं सहावं वर्ष. सेंट्रल फ्लोरिडा, ओक्लाहोमा आणि आता ऑरेगॉन असा तिन्ही ठिकाणी खेळून तो यंदा हाइझमनच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या) मतदानात तिसरा आला. त्याला घाबरवणं सोपं नाही. युजीनला तुमच्या त्या नामांकित बचावफळीला, सॉयर-तुइमोलोआऊ दोघंही असताना, त्याला एकदाही सॅक करता (पास टाकण्याआधी पाडता) आलं नाही. त्याने ३४१ यार्ड पास केले आणि वर स्वतः धावत एक टचडाउन केला.

आणि त्या दिवशी आमचा जॉर्डन बर्च खेळलाच नव्हता, गुडघ्याच्या दुखापतीमुळे. आता तो परत आलाय. तुमच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स त्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामातून बाहेर गेला, नोव्हेंबरमध्ये सेंटर सेथ मॅक्लॉफलिनही गेला. म्हणजे ऑक्टोबरपेक्षा आमची पुढची फळी भक्कम आणि तुमची कच्ची. टेनेसीला त्याचा फायदा उठवता आला नाही हा टेनेसीचा प्रश्न. बर्च आणि मटायो उइयांगालेलेई दोन्ही कडांनी सुटले की हॉवर्डला ते खोल पास टाकायला वेळ कुठून मिळणार?

शिवाय डॅन लॅनिंग. अटीतटीच्या क्षणी डोकं थंड ठेवणारा असा कोच देशात दुसरा नाही. ऑक्टोबरमध्ये दहा सेकंद उरले असताना त्यांनी मुद्दाम बारावा खेळाडू मैदानात उतरवला. दंड पाच यार्डांचा, पण घड्याळातले चार सेकंद गेले ते गेलेच. नियमातली ती फट नंतर बुजवावी लागली. पुढच्याच चेंडूवर हॉवर्ड पळाला, घसरून खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर! एवढा अभ्यास करून येणाऱ्या माणसाला तयारीला पंचवीस दिवस मिळाल्येत.

ऑरेगॉन ३४, ओहायो स्टेट २७.

---

मिशिगनवासी

धागाकर्तीचं मिशिगन सामन्याचं निदान अर्धवट वाटतं. आखणी चुकली, कबूल. पण का चुकली? मुख्य कोच रायन डे यांच्यावर दडपण आलं की ते आकसतात, हे आम्ही २०२१ पासून ओळीने चार वर्षं पाहतोय. टेनेसीसमोर ते मोकळे खेळले कारण सगळं आधीच हातचं गेल्यासारखं होतं. आता पुन्हा सगळ्यांच्या अपेक्षा वाढल्यात. पहिलं सीड ऑरेगॉनला असूनही बेटिंगवाले ओहायो स्टेटला दोन-अडीच गुणांनी वरचढ धरतायत. दुसऱ्या हाफमध्ये सामना बरोबरीत आला की तिसऱ्या डाउनला (चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) पुन्हा मधूनच धाव निघते की नाही बघा.

संघ म्हणून तुम्ही सरस आहात, हे मनापासून सांगतो. स्मिथसारखा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा खेळाडू) मी पाहिलेला नाही. माझी शंका फक्त बाजूला उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे.

---

ओलेंटॅन्जी

मिशिगनवासी, तुमचा मुद्दा झोंबला तरी रास्त आहे. पण टेनेसीच्या सामन्यात सगळं हातचं गेलेलं होतं, हे पटत नाही. त्या रात्री स्टेडियमचा बराच मोठा भाग टेनेसीच्या नारिंगी रंगाचा झाला होता. आमच्याच लोकांनी चिडून तिकिटं विकली होती. तो सामना गेला असता तर डे यांची नोकरी धोक्यात आली असती. तिथे जो कोच पहिल्या चेंडूपासून धाडसाने खेळला, तो आकसतो असं कसं म्हणायचं?

हिल्सबरोकर, सिमन्स आणि मॅक्लॉफलिनची उणीव मोठीच. पण डॉनोव्हन जॅक्सन गार्डवरून लेफ्ट टॅकलला गेला त्याला आता दोन महिने झाले. पेन स्टेटविरुद्ध सुरुवातीला तो अडखळला होता. टेनेसीच्या बाहेरच्या खेळाडूंना त्याने जवळ फिरकू दिलं नाही, आणि ती काही लिंबूटिंबू फळी नव्हती.

आणि चिप केली यांना विसरू नका. १ जानेवारी २०१० ला याच रोझ बोलमध्ये ते ऑरेगॉनचे कोच होते आणि ओहायो स्टेटकडून २६-१७ ने हरले होते. आज तेच आमचं आक्रमण चालवतात. न्यू हॅम्पशायरला डे हे केलींच्या हाताखालचे क्वार्टरबॅक होते. शिष्य मुख्य कोच आणि गुरू त्याच्या हाताखाली, पण दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे. मला आशा आहे ती त्याच्यामुळे.

---

स्वाती_ऑस्टिन

मी टेक्ससची, त्यामुळे यातून जो वर येईल तो कदाचित १० जानेवारीला कॉटन बोलमध्ये आमच्याशी खेळेल (आधी आम्हाला ॲरिझोना स्टेटला हरवायचंय). खरं सांगते, आम्हाला ऑरेगॉन चालेल, ओहायो स्टेट नको.

पण मला यात ऑरेगॉनवर झालेला अन्याय जास्त खटकतो आणि त्यावर कोणी बोलत नाहीये. समितीच्या क्रमवारीत ओहायो स्टेट सहावी होती, टेनेसी सातवी. पहिली चार सीड फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना द्यायची या नियमामुळे नवव्या क्रमांकाची बॉइझी स्टेट तिसरं सीड झाली आणि बाराव्या क्रमांकाची ॲरिझोना स्टेट चौथं. बाकीचे सगळे खाली ढकलले गेले. पहिल्या फेरीनंतर जोड्या नव्याने लावल्या जात नाहीत. परिणाम असा की देशातल्या एकमेव अपराजित संघाला पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेट. आणि पेन स्टेट, जी बिग टेनच्या अंतिम सामन्यात ऑरेगॉनकडूनच हरली, तिच्या वाट्याला आधी एसएमयू आणि मग बॉइझी स्टेट! विजेत्यापेक्षा उपविजेत्याची वाट सोपी, हे कुठल्या न्यायात बसतं?

त्यात ओहायो स्टेटला पहिल्या फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळाला. ऑरेगॉनला ऑट्झनमध्ये, त्यांच्या घरच्या मैदानावर, एकही मिळणार नाही.

---

हिल्सबरोकर

स्वातीताई, शंभर टक्के सहमत. पण आम्ही रडणार नाही. अजिंक्यपद हवं असेल तर कधी ना कधी यांना हरवावंच लागणार होतं. ऑरेगॉनने आजवर एकही राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेलं नाही. जानेवारी २०११ मध्ये ऑबर्नकडून शेवटच्या क्षणी २२-१९, जानेवारी २०१५ मध्ये याच ओहायो स्टेटकडून ४२-२०. त्या रात्री एझिकिएल एलियट आमच्यातून २४६ यार्ड धावला. त्या जखमेवर औषध एकच आहे आणि ते पॅसाडिनातच मिळेल.

---

कोथरूडचा_बकआय

इथे भारतात सामना २ तारखेला पहाटे साडेतीनला सुरू होतोय. कोलंबसला, ओहायो स्टेटमध्ये, शिकलेले आम्ही तिघे एकत्र बघणार आहोत.

पंचवीस दिवसांच्या विश्रांतीबद्दल माझं मत उलटं आहे. लॅनिंगना अभ्यासाला वेळ मिळाला, पण खेळाडूंचं काय? गॅब्रिएलचा खेळ सगळा लयीवर चालतो: झटपट पास, एका पायावर वळून टाकलेला पास, घाईने लाइनवर येणं. सराव कितीही केला तरी ७ डिसेंबरनंतर त्याच्या अंगावर खरा प्रतिस्पर्धी आलेला नाही. आपण अकरा दिवसांपूर्वी टेनेसीशी भिडून येतोय. पहिली पंधरा मिनिटं फार महत्त्वाची ठरतील.

---

मिशिगनवासी

पहिली पंधरा मिनिटं नाही, शेवटची पंधरा. ऑक्टोबरचा सामना काय, आमचा काय, दोन्ही शेवटच्या दोन मिनिटांत गेले.

---

ओलेंटॅन्जी

म्हणूनच तर तिथवर जाऊच द्यायचा नाही! कोथरूडकरांचं मत मला पटतं. सुरुवातीला दोन-तीन टचडाउनची आघाडी घेतली की जॉर्डन जेम्सचं धावणं निकामी होतं. यंदा बाराशेच्या वर यार्ड धावलेला हा खेळाडू त्यांच्या आक्रमणाचा कणा आहे, आणि मागे पडलेला संघ धावत बसत नाही. मग गॅब्रिएलला उभं राहून पास टाकावे लागतील आणि तेव्हा सॉयर-तुइमोलोआऊ खरे दिसतील. मागे केलेब डाउन्स आहेच.

युजीनला आमच्या कॉर्नरबॅकांचा (रिसीव्हरांना रोखणाऱ्या बचावपटूंचा), विशेषतः डेन्झेल बर्कचा दिवस फारच वाईट होता. तो इथे चौथ्या वर्षी खेळतोय आणि परत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतोय. माझा त्याच्यावर विश्वास आहे.

ओहायो स्टेट ३४, ऑरेगॉन २३.

---

हिल्सबरोकर

बर्कवर विश्वास ठेवा, पण त्याच्या मदतीला डाउन्सला मागे धरलंत की मधली जागा आमच्या टाइट एंडला, टेरन्स फर्ग्युसनला, मोकळी. त्याच्याकडे कोणी बघत नाहीये. आणि स्मिथसमोर आमचा कॉर्नरबॅक जबार मुहम्मद असेल, पूर्ण वेळ. एकदा स्मिथला झटपट पास मिळाले नाहीत की हॉवर्ड किती काळ थांबू शकतो, सामना त्यावर ठरेल. माझा आकडा तोच: ३४-२७, आमच्या बाजूने.