क्वार्ट्झचा ओटा पिवळा पडला, वरच्या कपाटाचा तळही फुगला

पोळपाट_लाटणं
मनीषनगर, नागपूर. ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा. कोपऱ्यात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आणि राईस कुकर, वर दोन फुटांवर कपाट. ओटीजीच्या मागे वीतभर पिवळट डाग आलाय आणि कपाटाच्या तळाचा सनमायका कडेनं सुटून राहिला. सिलिकॉन मॅट टाकली तर भागेल का? कपाट बदलावं लागेल?

रंधा
ताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत. डाग उष्णतेचा, फुगवटा वाफेचा.

क्वार्ट्झच्या ओट्यात ९० टक्क्यांहून जास्त दगडाचा चुरा असतो, बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ. दगडाला काही होत नाही, रेझिन करपतं. साधारण १५० अंशांपुढे तर नक्कीच, आणि रोज तासभर शेकलं तर त्याच्या आतही रंग बदलू शकतो. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडनं पुसून बघा. निघाला तर तो तेलाचा थर होता. नाही निघाला तर पॉलिशवर पैसे घालू नका, मशीन फिरलं तेवढाच भाग निस्तेज दिसतो.

मॅट दहा मिनिटं टेकवलेल्या कढईसाठी ठीक. तासभर चालणाऱ्या ओटीजीची उष्णता तिच्यातून हळूहळू खाली उतरतेच. खाली हवा खेळली पाहिजे. व्हिट्रिफाइड टाईलचा तुकडा ओटीजीपेक्षा दोन-दोन इंच मोठा कापून घ्या, त्याला खालून १० मिमीचे चार रबरी बुटके चिकटवा, वर ओटीजी त्याच्याच पायांवर. भिंतीपासून निदान १० सेंमी. माहितीपुस्तिकेत जास्त लिहिलं असेल तर तेवढं.

फोडणी_जळाली
मॅटबद्दल एक भर. इंडक्शनचा पंखा बहुतेक खालून हवा ओढतो. त्याखाली मऊ मॅट, कापड किंवा पेपर आला की शेगडी तापून मध्येच बंद पडते. एअर फ्रायर गरम हवा मागून फेकतो, त्याचं तोंड भिंतीकडे चिकटवू नका. आणि ग्रॅनाइटवाल्यांनीही निर्धास्त राहू नये: सिंक आणि शेगडीच्या कापाजवळची पट्टी अरुंद असते, तिथं एकदम तापलेलं भांडं ठेवलं तर तडा जाऊ शकतो.

रंधा
आता कपाट. कुकर लावताना ओट्याच्या पुढच्या कडेला ओढा, वाफेचं भोक खोलीकडे. यालाच निम्मा उपाय समजा. वाफ सनमायक्यातून जात नाही, कडेच्या सांध्यातून आत शिरते. पावसाळ्यात तर वाळायलाही सवड मिळत नाही. तळ दाबून पाहा, कडक लागतो की भुसभुशीत?

पोळपाट_लाटणं
कडेला नख लावलं की भुसा पडतो.

रंधा
म्हणजे पार्टिकल बोर्ड, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. फुगलेला परत बसत नाही. पण पूर्ण कपाट नको, फक्त तळाची फळी बदला. लकडगंजात, आपल्या लाकूडबाजारात, १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघूनच घ्या. बीडब्ल्यूआर म्हणजे आयएस ३०३, तो त्याच्याखालचा. सनमायका दोन्ही बाजूंनी, नाहीतर फळी वाकते. तो उष्णता सोसणाऱ्या रबर अॅडहेसिव्हनं लावायला सांगा: दोन्हीकडे लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. सुतार घाईनं ओलंच दाबतात, मग फुगे येतात. चारही कडांना २ मिमी एज बँड (कड झाकणारी पट्टी), भिंतीकडच्या कडेलासुद्धा. ती दिसत नाही म्हणून सोडतात, आणि पाणी तिथूनच जातं.

तळाला एलईडी दिव्यांची पट्टी असेल तर ती कुकरच्या डोक्यावर ठेवू नका, बाजूला हलवा.