दारू सोडायची आहे : मदतगट शोधायचा कसा, आणि पहिल्या सभेत काय होतं?

शेवंती
धाकट्या भावाला दारू सोडायची आहे, तसं तो स्वतःहून म्हणाला. पिणं रोजचं आहे, सकाळी हात थरथरतात. एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा मदतगट) किंवा तसा एखादा गट शोधतेय. यादीतला गट खरंच चालू आहे की नाही, हे कसं ओळखायचं? तिथे नाव-पत्ता लिहून घेतात का? सगळ्यांसमोर बोलावंच लागतं का? तो देव मानत नाही, मग त्याचं जमेल का? मी सोबत गेले तर चालेल? नात्यातले एकजण म्हणतात, जेवणातून गोळी द्या, गटाबिटाची गरजच नाही.

निशिगंध
ताई, गोळीचं आधी. नकळत अजिबात देऊ नका. ती बहुधा डायसल्फिराम असते. ती अंगात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही, तो सांभाळणार कसा? डॉक्टरांनी तपासून, त्याच्या संमतीनेच ती घ्यायची असते.

दुसरं, सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. एकदम बंद करायला लावू नका. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणं असं सुरू होऊ शकतं, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून आधी डॉक्टर. ते काही दिवस उतरत्या मात्रेत औषधं देतात, सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, दाखल करायचं की नाही हे त्यावर ठरतं. गटात हे उपचार होत नाहीत. सभेला मात्र पिणं थांबायच्या आधीपासूनही जाता येतं.

पायवाट
शोधण्याबद्दल. एएच्या अधिकृत हेल्पलाइनला फोन करून तीन गोष्टी विचारा: सभा या आठवड्यात झाली का, खुली आहे की बंद, आणि दारात भेटायला कुणी थांबेल का. याद्या जुन्या असतात, जागा आणि वेळ बदललेली असते. नवा माणूस हिय्या करून जातो, दाराला कुलूप दिसतं आणि पुन्हा फिरकत नाही. हे टाळायचं असेल तर फोन करूनच निघा.

खुल्या सभेला तुम्ही सोबत जाऊ शकता. बंद सभा फक्त दारू सोडण्याची इच्छा असलेल्यांसाठी असते, आणि सभासद व्हायला तेवढी इच्छा पुरते. फी नाही, नोंदवही नाही, फक्त पहिलं नाव सांगायचं. सभा साधारण एक ते दीड तास चालते. सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेक जण आपलं सांगतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. त्याची पाळी आली की "आज मी फक्त ऐकतो" म्हटलं तरी पुरे. शेवटी पैशांची टोपली फिरते, नव्या माणसाने काही टाकायची गरज नसते.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचू द्या आणि संपल्यावर लगेच निघू देऊ नका. खरी ओळख तिथे चहाच्या वेळी होते. दोन-तीन फोन नंबर घेऊनच त्याने बाहेर पडावं, आणि पिण्याची ओढ लागेल तेव्हा ग्लास हातात यायच्या *आधी* फोन करावा. एका सभेवरून मत बनवू नका. वेगवेगळ्या गटांच्या निदान पाच-सहा सभा बघू द्या, प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो.

उंबर
देव न मानणारेही एएत आहेत. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी क्रमाने करायच्या गोष्टींत, ईश्वराचा उल्लेख येतो, पण "आपल्याला समजला तसा" असं म्हटलेलं आहे, आणि बरेच जण त्या जागी गटालाच धरतात. तरीही खटकलं तर स्मार्ट रिकव्हरी हा दुसरा मदतगट पाहा. १९९४ पासून चालू आहे, त्यात प्रार्थना नाही. ओढ कधी, कशामुळे, किती जोराची लागली याची नोंद ठेवायला शिकवतात, सभेत एकमेकांशी चर्चाही होते. ऑनलाइन सभा दोन्हीकडे आहेत.

आणि ताई, तुमच्यासाठी अल-अनॉन. ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे. भाऊ टाळाटाळ करू लागला तरी तुम्ही जात राहा.

शेवंती
खूप आभार. उद्याच डॉक्टरांकडे नेते. स्पॉन्सर म्हणजे नक्की कोण? आणि मध्येच पुन्हा प्यायला तर गटातून काढतात का?

पायवाट
काढत नाहीत. स्पॉन्सर म्हणजे काही काळ न पिता राहिलेला, पायऱ्या केलेला जुना सभासद. प्रथेप्रमाणे पुरुषाला पुरुष, बाईला बाई. सुरुवातीला तात्पुरता मागितला तरी चालतो. तो डॉक्टर नसतो. मानसोपचाराची औषधं बंद करायला सांगणारा, पैसे मागणारा किंवा घरच्यांपासून तोडू पाहणारा भेटला तर सरळ दुसरा शोधा, गरज पडल्यास गटही बदला.

घसरला तर पुढच्याच सभेला जाऊन सांगू दे. लपवलं की सभा चुकवणं सुरू होतं, आणि मग पिणं वाढतं. मात्र सलग काही दिवस प्यायला असेल तर पुन्हा आपल्या मनाने एकदम थांबवू नका. दर खेपेला थांबतानाचा त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो, त्यामुळे आधी डॉक्टरांना फोन करा.